शंका-समाधान : देवाचा पुरवठा आणि माणसांचा हिशेब

पावसाळ्याच्या तोंडावर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत एकच विषय वेगवेगळ्या तऱ्हेने डोकावत होता. देव पुरवतो हे सर्वांना मान्य आहे. परंतु त्या पुरवठ्याची राखण, वाटणी आणि नोंद ज्या माणसांच्या हाती असते, त्यांच्याविषयी पवित्र शास्त्र काय म्हणते, हा त्या सर्वांचा प्रश्न आहे. म्हणून या अंकात इतर पत्रे बाजूला ठेवून याच पत्रांना जागा दिली आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत आणि लांब पत्रांचा सारांश घेतला आहे.

प्रश्न : आमच्या उपासनामंदिराचे वासे वाळवीने खाल्ले असून पावसाआधी कौले उतरवून छप्पर नव्याने घालायचे आहे. त्यासाठी गावकऱ्यांनी आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी सढळ हाताने पैसे दिले. यंदा खजिनदार म्हणून माझी निवड झाली, तेव्हा मी पावतीपुस्तक, बँकेत दोन सह्यांचे खाते आणि दर महिन्याला जमाखर्चाचे वाचन, अशा तीन मागण्या केल्या. त्यावर मंडळीच्या एका ज्येष्ठ वडिलांनी भर सभेत मला सुनावले, की देवाच्या पैशाचा हिशेब देव ठेवतो, तू आमच्यावर अविश्वास दाखवतोस. माझे चुकले काय? (एक खजिनदार, जि. रत्नागिरी)

उत्तर : आपले चुकलेले नाही. आपल्या पत्रातील प्रसंग वाचताना यहूदाच्या योवाश राजाची आठवण होणे अपरिहार्य आहे, कारण २ राजे १२ मधील अडचण जवळजवळ हीच आहे. मंदिराची पडझड झाली होती, लोक पैसे देत होते, ते याजकांच्या हाती जात होते आणि योवाशाच्या कारकिर्दीच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती झालेली नव्हती. याजकांनी पैसे खाल्ले, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रत्येकाने आपापल्या ओळखीच्या माणसाकडून पैसे घ्यावेत आणि जेथे पडझड दिसेल तेथे दुरुस्ती करावी, अशी मूळची व्यवस्था होती. तिच्यात रकमेची एकत्र मोजणी नव्हती आणि काम अमुक एकाचे असेही ठरलेले नव्हते. राजाने जाब विचारल्यावर याजकांनी यापुढे आपण लोकांकडून पैसेही घेणार नाही आणि दुरुस्तीही करणार नाही, असे कबूल केले. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि मंदिरात शिरताना उजव्या हाताला, वेदीजवळ ती ठेवली. उंबरठ्यावर पहारा करणारे याजक आलेला सगळा पैसा तीत टाकू लागले. पेटीत पैसा बराच साठला म्हणजे राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे येत, पैसा मोजत आणि थैल्यांत बांधत. तेथून तो देखरेख करणाऱ्यांकडे जाई, आणि ते सुतार, गवंडी व पाथरवट यांची मजुरी चुकती करीत आणि लाकूड व घडीव दगड विकत घेत. मोजताना एक माणूस राजवाड्याचा आणि एक मंदिराचा असे, हे पाहिले म्हणजे दोन सह्यांच्या खात्याला याहून स्पष्ट आधार क्वचितच मिळेल.

त्याहून जुना दाखला हवा असल्यास तो निर्गम ३८ च्या शेवटी आहे. तो भाग आपण बहुतेक जण वाचताना घाईने ओलांडतो, कारण तो निव्वळ जमाखर्च आहे. मोशेच्या आज्ञेवरून, अहरोनाचा मुलगा इथामार याच्या देखरेखीखाली लेव्यांनी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाने) केलेली ही निवासमंडपाच्या, म्हणजे अरण्यातल्या तंबूरूपी मंदिराच्या, सामानाची नोंद असून तीत, किक्कार आणि शेकेल या वजनांत, सोने २९ किक्कार व ७३० शेकेल, रुपे १०० किक्कार व १,७७५ शेकेल आणि पितळ ७० किक्कार व २,४०० शेकेल असे आकडे आहेत. यांतला रुप्याचा आकडा कागद घेऊन ताडून पाहावा. वीस वर्षांच्या आणि त्यावरच्या ६,०३,५५० पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल दिला, म्हणजे एकूण ३,०१,७७५ शेकेल जमले. एका किक्काराचे ३,००० शेकेल धरले की बरोबर १०० किक्कार होऊन १,७७५ शेकेल उरतात. खर्चाची बाजूही तशीच जुळते. शंभर किक्कारांच्या शंभर बैठका ओतल्या, म्हणजे प्रत्येक बैठकीला एक किक्कार लागला, आणि उरलेल्या १,७७५ शेकेलांतून खांबांच्या आकड्या, त्यांच्या माथ्यांची मढवणूक आणि बांधपट्ट्या झाल्या. एवढ्या बारीक हिशेबात एक शेकेलही अधांतरी राहिलेला नाही. ज्या निवासमंडपाचा हा जमाखर्च आहे, तो चाळिसाव्या अध्यायात परमेश्वराच्या तेजाने भरून जातो. हिशेब लिहिला गेला म्हणून ते तेज अडलेले दिसत नाही. त्याच कामात लोकांनी गरजेपेक्षा अधिक आणल्याचे कारागिरांनी कळवताच मोशेने छावणीत दवंडी पिटवून देणगी थांबवली, हेही छत्तिसाव्या अध्यायात नोंदलेले आहे. आता पुरे, यापुढे आणू नका, असा ठराव आपल्या एखाद्या मंडळीने केल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

नव्या करारात प्रेषित पौलाची भूमिका आणखी काटेकोर आहे. यरुशलेमातील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी मासेदोनिया व अखया या प्रांतांतून वर्गणी जमत होती, तेव्हा ती नेण्यासाठी तीतासोबत मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू आणि ज्याची अनेकदा पारख झालेली होती असा आणखी एक, अशी योजना त्याने केली. एवढ्या मोठ्या रकमेच्या कारभारात आपल्यावर कोणी ठपका ठेवू नये आणि प्रभूच्याच दृष्टीने नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते व्हावे, असे कारण तो २ करिंथ ८ मध्ये स्वतःच देतो. देव हिशेब ठेवतो, हे पौलाला आपल्या ज्येष्ठ वडिलांइतकेच ठाऊक होते. तरीही माणसांना दिसेल असा हिशेब त्याने अनावश्यक मानला नाही. उलट बाजूला यहूदा इस्कार्योत आहे. शिष्यांची थैली त्याच्या एकट्याच्या हाती होती आणि तीत जे पडे ते तो काढून घेई, असे योहान १२ मध्ये म्हटले आहे. प्रभूच्या सहवासात वावरणारा माणूसही थैलीपाशी घसरू शकतो, हे ज्या ग्रंथात लिहिले आहे, त्याच ग्रंथाचा आधार घेऊन कोणालाही तपासणीतून वगळता येणार नाही.

आपल्या विरोधकांच्या बाजूनेही एक वचन आहे आणि ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्यांच्या हाती मजुरीसाठी पैसे दिले त्यांच्याकडून हिशेब मागत नसत, कारण ते सचोटीने वागत, असे त्याच २ राजे १२ मध्ये पुढे म्हटले आहे. परंतु हे वाक्य पेटी, पहारा आणि दोघांची मोजणी ही सगळी व्यवस्था सांगून झाल्यावर येते. पैसा मोजून, बांधून हाती दिल्यानंतर मुकादमाने खिळे किती घेतले याची रोज उलटतपासणी होत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ मला दिसतो. आपणही हा विवेक ठेवावा. गवंड्याच्या प्रत्येक चहाची पावती मागू नये.

राहिला व्यवहाराचा भाग. आपली मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे नियमित हिशेब ठेवणे विश्वस्तांवर बंधनकारकच आहे, तेव्हा हा विषय कोणाच्या मानापमानाचा उरतच नाही. ज्येष्ठ वडिलांना मात्र सभेत उत्तर देण्याऐवजी घरी जाऊन भेटावे आणि दुसरी सही त्यांचीच घ्यावी, असे सुचवावेसे वाटते.

प्रश्न : आम्ही मालवणकडचे मच्छीमार आहोत. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, म्हणून मेअखेर सुकी मासळी, तांदूळ, कांदे आणि सरपण यांची बेगमी करतो. आमच्या प्रार्थनागटात एका भावाने सांगितले, की उद्याची चिंता करू नका असे प्रभू म्हणतो, मान्ना (अरण्यात देवाने इस्राएलाला रोज दिलेले अन्न) साठवणाऱ्यांच्या भांड्यात किडे पडले, म्हणून साठवण म्हणजे अविश्वास. पण योसेफाने तर सात वर्षे धान्य साठवले. खरे काय मानावे? (एक वाचक, जि. सिंधुदुर्ग)

उत्तर : मान्न्याची गोष्ट अर्धीच सांगितली की असा घोटाळा होतो. निर्गम १६ मध्ये त्या एकाच मान्न्याच्या तीन गती सांगितल्या आहेत. नेहमीच्या दिवशी काहींनी तो सकाळपर्यंत ठेवला, तेव्हा त्यात किडे पडून त्याला घाण सुटली. सहाव्या दिवशी लोकांनी माणशी दोन ओमर (ओमर हे धान्याचे माप) गोळा केला, तो शिजवून-भाजून शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी ठेवला आणि तो नासला नाही. आणि पुढच्या पिढ्यांना दिसावा म्हणून एक ओमर मान्ना भांड्यात घालून परमेश्वरापुढे जतन करून ठेवण्याची आज्ञा तर देवानेच केली. तेव्हा साठवणे हाच दोष असता, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या मान्न्याचीही पहिल्यासारखीच गत व्हायला हवी होती. पहिल्या वेळी उद्या मिळणार नाही या धास्तीने ठेवले गेले आणि दुसऱ्या वेळी सांगितल्याप्रमाणे ठेवले गेले, हा त्यांतला फरक आहे.

त्याच अध्यायात आणखी एक बारकावा आहे. कोणी अधिक गोळा केले, कोणी कमी. पण ओमराने मापून पाहिले तेव्हा ज्याने अधिक घेतले त्याचे उरले नाही आणि ज्याने थोडे घेतले त्याला कमी पडले नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागू नये. ज्याच्या अंगात जोर जास्त तो सगळी मासळी घरी नेत नाही, दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. पौलाने यरुशलेमच्या वर्गणीसाठी लिहिताना हेच वचन पुढे केले आहे. आपल्या बेगमीची कसोटी येथे आहे, असे मला वाटते. स्वतःच्या घरात सुक्या बांगड्यांच्या माळा टांगलेल्या आणि शेजारच्या खलाशाच्या घरी जुलैत चूल थंड, अशी स्थिती असेल तर त्या भावाच्या बोलण्यात तथ्य आहे, एरवी नाही.

मत्तय ६ मध्ये प्रभू चिंता करू नका असे म्हणतो. काम करू नका किंवा तयारी करू नका असे म्हणत नाही. नीतिसूत्रे ६ मध्ये उन्हाळ्यात अन्नाची बेगमी करणाऱ्या मुंगीकडे आळशाला धाडले आहे, आणि तिचे वर्तन तेथे शहाणपणाचेच ठरवले आहे. सहाव्या दिवशी दुप्पट तयारी करून सातव्या दिवशी हात थांबवणे ही गोष्टही या किनाऱ्याला परकी नाही. अलिबाग-रेवदंडा भागातील बेने इस्राएल हा यहुदी समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा धंदा करीत असे आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असे, म्हणून गावोगावचे लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. आठवड्यातल्या एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडायचे तर उरलेले सहा दिवस नीट आखावे लागतात, हे त्या घरांतून सर्वांना पाहायला मिळे.

आता योसेफ. त्याची व्यवस्था खरोखर विचारपूर्वक होती. सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा घ्यायचा, त्यासाठी देशभर अधिकारी नेमायचे आणि प्रत्येक नगराच्या भोवतालच्या शेतांचे धान्य त्याच नगरात साठवायचे, म्हणजे दुष्काळात लोकांना लांब वणवण करावी लागू नये. धान्य समुद्राच्या वाळूसारखे झाले आणि शेवटी मोजणे सोडून दिले, असे उत्पत्ती ४१ सांगते. हे सर्व तीस वर्षांच्या, नुकत्याच तुरुंगातून सुटलेल्या परदेशी माणसाने उभे केले. मिसरचा (इजिप्तचा) राजा फारो याच्या स्वप्नाचा, म्हणजे सुकाळानंतर दुष्काळ येणार याचा, अर्थ देवाने दिला. कोठारे मात्र माणसांनी बांधली, आणि त्या कोठारांवाचून स्वप्नाचा अर्थ कळूनही मिसर उपाशी राहिला असता.

मात्र आपण योसेफाची गोष्ट नेहमी येथे थांबवतो, तशी थांबवू नये. उत्पत्ती ४७ मध्ये दुष्काळ वाढल्यावर लोकांनी धान्यासाठी प्रथम पैसा दिला, मग घोडे, शेरडेमेंढरे, गुरे आणि गाढवे दिली, आणि शेवटी जमीन व स्वतःलाही फारोच्या स्वाधीन केले. याजकांच्या जमिनी तेवढ्या वाचल्या. पुढे बियाणे देऊन पिकाचा पाचवा हिस्सा फारोचा आणि चार हिस्से कसणाऱ्याचे, असा कायदा झाला. तुम्ही आमचे प्राण वाचवले, असे लोक त्याला म्हणतात, आणि ते खरेच आहे. परंतु जमीन गेली ती गेलीच. ज्या किनाऱ्यावर खोताला, म्हणजे जमीनमालकाला, अर्धेल (पिकाचा अर्धा वाटा) घालताना कुळांच्या पिढ्या खपल्या, आणि जेथे अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ पासून सहा वर्षे शेतकऱ्यांनी नांगर खाली ठेवून संप केला, तेथल्या वाचकाला हा अध्याय निवांतपणे वाचता येऊ नये. पाचवा हिस्सा अर्धेलीपेक्षा हलका होता, हे मान्य करूनही नाही. चोख कारभाराने जीव वाचले आणि त्याच कारभाराने सत्ता एका हाती गोळा झाली. शास्त्र योसेफाला येथे दोष देत नाही. पण पुढे इस्राएलाला दिलेल्या नियमशास्त्रात, लेवीय २५ मध्ये, जमीन माझी आहे म्हणून ती कायमची विकायची नाही असे परमेश्वर सांगतो आणि पन्नासाव्या वर्षी प्रत्येकाने आपल्या वतनात परतावे असे ठरवून देतो. मिसरातील कोठारांचा अनुभव असलेल्या लोकांना हा नियम मिळाला, हा माझ्या मते योगायोग नाही.

प्रश्न : इथ्रो हा मिद्यानी याजक, म्हणजे बाहेरचा माणूस. देवाशी समोरासमोर बोलणाऱ्या मोशेने कारभाराच्या बाबतीत त्याचा सल्ला का घ्यावा? (एक विद्यार्थिनी, जि. रायगड)

उत्तर : कारण सल्ला बरोबर होता. निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाड्याला बसतो आणि लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे राहतात. त्याच्या मनात खोट नव्हती, लोकांचे हाल मात्र होत होते. मोशेचा सासरा असलेल्या इथ्रोने ते एका दिवसात ओळखले आणि तू करतोस ते ठीक नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील, असे स्पष्ट सांगितले. हजार, शंभर, पन्नास आणि दहा यांच्यावर नायक नेमावेत, किरकोळ वाद त्यांनी मिटवावेत आणि अवघड तेवढे मोशेपुढे आणावेत, ही त्याची योजना. नायकांच्या अंगी हवे असलेले गुणही त्याने सांगितले: ते कर्तबगार, देवाचे भय बाळगणारे, सत्यप्रिय आणि लाचेचा तिटकारा असणारे हवेत. मात्र देवाने तशी आज्ञा केली तर, अशी अट घालायला इथ्रो विसरला नाही, हे आपल्या शंकेचे एक उत्तर आहे. मोशे हीच हकिगत अनुवाद या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात पुन्हा सांगतो, तेव्हा माणसे निवडण्याचे काम त्याने लोकांवर सोपवल्याचे दिसते. तेथे इथ्रोचे नाव येत नाही. सल्लागारांच्या नशिबी हे बहुधा असतेच.

याच धर्तीवर मार्क ६ मधील पाच हजारांचे भोजन वाचून पाहावे. पाच भाकरी आणि दोन मासे वाढण्यापूर्वी प्रभूने लोकांना हिरव्या गवतावर शंभर-शंभर आणि पन्नास-पन्नास अशा पंक्तींनी बसवायला सांगितले. शेवटच्या पंक्तीतल्या म्हातारीपर्यंत भाकरी पोचायची तर हे करावेच लागते; गावजेवणाला वाढप केलेल्या कोणालाही ते पटेल. आणि उरलेले तुकडे गोळा करा, काही वाया जाऊ देऊ नका, ही आज्ञा योहान ६ मध्ये चमत्कारानंतरची आहे. ज्याला भाकरी वाढवता येत होती, त्याने बारा टोपल्या उकिरड्यावर टाकल्या नाहीत.

प्रश्न : ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात आमच्या वाडीतल्या पोफळी आणि माड आडवे झाले, घरांवरचे पत्रे उडाले. मंडळीमार्फत ताडपत्र्या आणि शिधा आला, तो आधी वाटप करणाऱ्यांच्या नात्यातल्या घरी गेला आणि वाडीच्या टोकाला राहणाऱ्या दोन विधवांना काहीच मिळाले नाही. मी बोलले, तेव्हा कुरकुर करणे पाप आहे, अरण्यातल्या इस्राएल लोकांचे काय झाले ते आठव, असे मला ऐकवण्यात आले. इतकी वर्षे ते मनाला लागून राहिले आहे. (एक भगिनी, जि. रत्नागिरी)

उत्तर : अरण्यातील लोक देवाने दिलेले कमी लेखून कुरकुरत होते. आपण दिलेले पोचले नाही, असे सांगत होता. या दोहोंची गल्लत करून आपले तोंड बंद करण्यात आले, हे उघड आहे.

प्रेषितांची कृत्ये ६ मधील तक्रार तंतोतंत आपल्यासारखी होती. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपातून वगळल्या जात होत्या आणि तक्रार इब्री बोलणाऱ्या स्थानिक लोकांविरुद्ध होती. बारा प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना दटावले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले आणि चांगल्या नावाची, पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण अशी सात माणसे लोकांनीच निवडावीत, असे सांगितले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा नीकलाव, हे ते सात जण. ही सगळी नावे ग्रीक आहेत, आणि नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. म्हणजे ज्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या, त्यांच्याच बाजूची माणसे कोठीवर बसवली गेली असावीत, असे नावांवरून दिसते. त्यानंतरचे लगेचचे वाक्य देवाच्या वचनाचा प्रसार झाल्याचे आणि शिष्यांची संख्या वाढल्याचे आहे.

यरुशलेमचा सुभेदार नहेम्या यानेही असेच केले होते. तेराव्या अध्यायात तो परतून पाहतो तो लेव्यांना त्यांचे वाटे मिळालेले नाहीत आणि ते पोटासाठी आपापल्या शेतांकडे निघून गेले आहेत. ज्या खोलीत धान्याचे अर्पण ठेवायचे, ती नहेम्याचा विरोधक तोबीया याला राहायला दिलेली. नहेम्याने तोबीयाचे सामान बाहेर फेकले, आणि भांडारावर शलेम्या हा याजक, सादोक हा लेखक, पदाया हा लेवी व त्यांच्या हाताखाली हानान, अशी वेगवेगळ्या गटांतली माणसे नेमली. ते विश्वासू मानले जात, एवढेच कारण त्याने दिले आहे. कोकणात पुढचे वादळ येणारच आहे. तेव्हा आपल्या मंडळीने वाटपाची यादी आताच, वादळ नसताना करावी, ती वाडीच्या टोकाकडून सुरू करावी, आणि यादी करणाऱ्यांत त्या टोकाला राहणारी एक तरी व्यक्ती असावी, हा आग्रह आपण धरावा. त्या दोघी भगिनींपैकी कोणी तयार असेल, तर अधिक चांगले.

प्रश्न : एका बाहेरच्या वक्त्यांनी आमच्या सभेत सारफथच्या विधवेचा दाखला दिला. तिने शेवटच्या पिठाची भाकर आधी एलीया संदेष्ट्याला दिली, म्हणून तुम्हीही आधी देवाच्या सेवकाला द्या, मग तुमचा रांजण रिता होणार नाही, असे ते म्हणाले. मी भारावून मुलाच्या शिक्षणाच्या कर्जाच्या हप्त्यासाठी ठेवलेली रक्कम देऊन टाकली. आता पतपेढीची नोटीस आली आहे. मी विश्वासात कमी पडले का? (एक भगिनी, वेंगुर्ले तालुका)

उत्तर : नाही. १ राजे १७ मध्ये एलीयाने आधी माझ्यासाठी लहानशी भाकर कर असे म्हटले, हे खरे आहे. परंतु पाऊस पडेपर्यंत तुझे पीठ सरणार नाही आणि तेल आटणार नाही, असे परमेश्वराचे वचन त्याने त्याच वेळी तिला दिले, आणि पुढे तो तिच्याच घरी राहून त्याच रांजणातले खात होता. पीठ घेऊन तो दुसऱ्या गावी गेला नाही. तिच्या घरात उद्या काय शिजणार, याची झळ त्यालाही लागणार होती. आपल्या सभेतील वक्ते दुसऱ्या दिवशी गाडीने निघून गेले असतील, तर त्यांनी दिलेल्या दाखल्याचा हा अर्धा भाग त्यांच्यासोबतच गेला.

कर्जात सापडलेल्या विधवेची गोष्ट वेगळी आहे आणि ती २ राजे ४ मध्ये येते. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून नेणार होता. अलीशा संदेष्ट्याने तिला घरात काय आहे ते विचारले, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला लावली, आणि दार लावून मुलांसह ती एकेक भांडे तेलाने भरत गेली. भांडी संपली तेव्हा तेल थांबले. ती हे सांगायला आली, तेव्हा अलीशाने त्या तेलातले स्वतःसाठी काही मागितले नाही. तेल विक, कर्ज फेड आणि उरेल त्यावर तू व तुझी मुले गुजराण करा, असा क्रम त्याने लावून दिला. आपणही नोटीस घेऊन पतपेढीच्या व्यवस्थापकांना भेटावे, हप्ते पाडून मागावेत, आणि ते फिटेपर्यंत सभेतील विशेष देणग्यांसाठी थैली पुढे आली तर ती निःसंकोच पुढच्या माणसाकडे सरकवावी.